काळी, तांबडी आणि अधलीमधली

अँड्रेना हट्टोर्फियाना ही युरोपातील गवताळ माळांवर आढळणारी एकांडी मधमाशी आहे. तिला पोळे नाही, राणी नाही, कामकरी माश्याही नाहीत. मादी एकटीच जमिनीत बीळ खणते, त्यात कोठ्या करते, प्रत्येक कोठीत पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घालते आणि कोठी बंद करते. आग्या, सातेरी, फुलोरी या समूहाने राहणाऱ्या माश्या महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाच्या असल्यामुळे मधमाशी म्हटले की पोळेच डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात जगातील मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जातींपैकी बहुसंख्य अशा एकट्याने घर करणाऱ्या आहेत. एका अँड्रेना गणातच दीड हजारांहून अधिक जाती मोडतात आणि ब्रिटनसारख्या लहान देशात त्यांतील साठांहून अधिक नांदतात. त्यांतल्या पुष्कळ एकमेकींसारख्या दिसतात. हट्टोर्फियानाची अडचण नेमकी उलटी आहे: तिच्याच दोन माद्या एकमेकींसारख्या दिसत नाहीत.

जुलै महिन्यात दक्षिण इंग्लंडमधल्या एखाद्या चुनखडीच्या माळावर एकाच वेळी या जातीच्या तीन माद्या दिसाव्यात आणि त्यांतली एक संपूर्ण काळी, दुसरीच्या पोटाचे पहिले दोन खंड विटेसारखे तांबडे, तर तिसरीच्या काळ्या पोटावर बाजूंना केवळ तांबूस डाग असावेत, हे अजिबात दुर्मिळ नाही. काळी आणि तांबडी असे दोन साचे करून त्यांत माश्या बसवण्याचा मोह होतो; परंतु दोन्हींच्या मध्ये सर्व पायऱ्या आढळतात. लाल पोटाची ती अमुक, काळ्या पोटाची ती तमुक, अशा प्रश्नोत्तरी तक्त्यावर विसंबणारा अभ्यासक इथे पहिल्याच पायरीवर घसरतो.

म्हणून आधी गण निश्चित करणे श्रेयस्कर. अँड्रेना मादीच्या चेहऱ्यावर, मोठ्या डोळ्यांच्या आतल्या कडेला लागून, एकेक उभी उथळ खाच असते आणि तीत बारीक मखमली लव दाटलेली असते. प्रकाश तिरका पडला की ही खाच रुपेरी किंवा तपकिरी पट्ट्यासारखी चमकते. मागच्या पायाच्या मुळाशी पराग अडकवण्यासाठी वळलेल्या लांब केसांची बट असते आणि छातीच्या मागच्या बाजूंवरही परागाची परडी होईल असे केस असतात. हॅलिक्टस आणि तिच्या जवळच्या गणांतील माश्या नवख्या निरीक्षकाला अँड्रेनासारख्याच भासतात. मात्र त्यांच्या पुढच्या पंखातील एक शीर कमानीसारखी वाकलेली असते आणि मादीच्या पोटाच्या शेवटच्या दिसणाऱ्या खंडावर मधोमध एक उभी चीर असते. अँड्रेनात ती शीर जवळजवळ सरळ असते, चीर नसते. कोकिळेप्रमाणे दुसऱ्याच्या घरात अंडी घालणाऱ्या नोमाडा आणि स्फेकोडीस या माश्यांची पोटेही तांबडी असतात, पण त्यांच्या पायांवर पराग वाहण्याजोगे दाट केसच नसतात. लाल पोट पाहून हुरळून जाण्याआधी मागचा पाय पाहावा तो यासाठी.

गण ठरल्यावर आकार बोलू लागतो. हट्टोर्फियानाची मादी साधारण १३ ते १६ मिलिमीटर लांब, म्हणजे सातेरीच्या कामकरी माशीपेक्षा ठळकपणे मोठी. ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या अँड्रेनांत तिची गणना होते. पोटाची पाठ बरीचशी उघडी आणि तुकतुकीत असते. मधल्या खंडांच्या मागच्या कडांना पांढुरक्या केसांच्या अरुंद किनारी असतात आणि टोकाशी सोनेरी ते नारिंगी केसांचा झुबका असतो. काळ्या रूपात हा झुबका विशेष उठून दिसतो. पोट काळे असो वा तांबडे, मोठा बांधा, विरळ केसांचे पोट, पांढरी किनार आणि सोनेरी टोक हा संच बदलत नाही. ओळख या संचावर उभी राहते. पोटाच्या रंगाला त्यात साक्षीदाराचे स्थान आहे, न्यायाधीशाचे नाही.

रंगाच्या बाबतीत दोन गोष्टींची गल्लत टाळावी लागते. पोटाच्या कवचाचा रंग एक आणि त्यावरच्या केसांचा रंग दुसरा. कवचाचा काळा किंवा तांबडा रंग माशी कोशातून बाहेर पडून कवच पक्के झाल्यावर आयुष्यभर तसाच राहतो. केसांचे तसे नाही. बिळात ये-जा करताना ते झिजतात, गळतात आणि उन्हाने फिके पडतात. हंगामाच्या सुरुवातीची ताजी मादी आणि अखेरची झिजलेली मादी शेजारी ठेवल्या तर पांढऱ्या किनारी एकीवर पूर्ण, दुसरीवर नावापुरत्या उरलेल्या दिसतात. आकारही सर्वस्वी स्थिर नसतो. आईने कोठीत ठेवलेला परागाचा गोळा लहान असेल तर त्यावर वाढलेली माशीही लहान निघते. त्यामुळे मिलिमीटरचे आकडे सीमारेषेजवळ जपून वापरावेत.

अँड्रेना गणात फेरफाराचे आणखी एक कारण आहे आणि ते फार चमत्कारिक आहे. विल्यम किर्बी या सफोकमधील धर्मोपदेशकाने १८०२ साली इंग्लंडच्या मधमाश्यांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अँड्रेनाच्या पोटाच्या खंडांमधून डोकावणारा एक परजीवी कीटक त्याने त्यात वर्णिला आणि त्याला स्टायलॉप्स हे नाव दिले. स्टायलॉप्सची प्रौढ मादी माशीच्या शरीरातच राहते; केवळ तिच्या शरीराचा पुढचा भाग दोन खंडांच्या फटीतून बाहेर दिसतो. अशी बाधा झालेल्या माशीत नर-मादीची लक्षणे एकमेकांत मिसळतात. मादीच्या पायांवरचे पराग वाहणारे केस विरळ होतात, चेहऱ्यावरच्या मखमली खाचा अरुंद होतात. ज्या जातींत नराचे तोंड पिवळे आणि मादीचे काळे असते, तिथे बाधित मादीच्या तोंडावर पिवळा डाग उमटू शकतो, तर बाधित नराचे तोंड काळवंडते. अँड्रेना क्रायसोसेलीस या वसंतातील जातीत असे नमुने परिचित आहेत. विचित्र दिसणारा कोणताही अँड्रेना नमुना नवी जात म्हणून मिरवण्याआधी त्याच्या पोटाच्या फटी तपासणे हा या अभ्यासातला जुना आणि शहाणा शिरस्ता आहे.

हट्टोर्फियानाच्या सारख्या दिसणाऱ्या जातींत सर्वांत महत्त्वाची म्हणजे अँड्रेना मार्जिनाटा. हट्टोर्फियाना ज्या कुळातील फुलांवरून पराग घेते त्याच कुळातील फुलांवर हीही येते, हिच्याही नराचे तोंड फिकट असते आणि रंगाच्या लहरीपणात तर ती हट्टोर्फियानाच्या पुढे आहे. मादीचे पोट जवळजवळ पूर्ण नारिंगी असू शकते, जवळजवळ पूर्ण काळपट असू शकते आणि मधले सारे प्रकारही असतात. फरक बांध्यात आहे. मार्जिनाटाची मादी ८ ते १० मिलिमीटरची, हट्टोर्फियानाच्या निम्म्याहून थोडीच मोठी. तिचा हंगामही उशिराचा असतो. हट्टोर्फियाना जूनच्या उत्तरार्धापासून ऑगस्टपर्यंत उडते. मार्जिनाटा जुलैच्या अखेरीस येऊन सप्टेंबरपर्यंत राहते. वर्गीकरणातही या दोघी वेगळ्या उपगणांत आहेत: पहिली कॅरिटअँड्रेनात, दुसरी मार्गअँड्रेनात.

पोटावर तांबडा पट्टा असलेली अँड्रेना फ्लोरीया दिसायला जवळची असली तरी पराग ब्रायोनी या काकडीच्या कुळातील वेलीवरूनच घेते आणि मेच्या मध्यापासून उडू लागते. अँड्रेना लॅबियाटाचे पोटही तांबडे असते. पण ती छोटी आणि वसंतातली. या दोघींशी घोटाळा झाला तर तो फक्त छायाचित्रात होतो, कारण तिथे आकाराचा अंदाज हरवतो आणि महिना कुणी लिहून ठेवत नाही.

नर ओळखणे तुलनेने सोपे आहे, निदान नर आहे हे ठरवणे तरी. अँड्रेनाच्या नराच्या मिशांना १३ खंड असतात, मादीच्या मिशांना १२. हट्टोर्फियानाचा नर मादीहून सडपातळ असतो आणि त्याच्या तोंडावरची ढालीसारखी पट्टी मलईसारखी पांढरट असते. नराच्या पोटावरही तांबड्याचे प्रमाण कमीजास्त होते. शंका उरली तर नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जातात. अँड्रेना मिन्युट्युलाच्या गटातील चिमुकल्या काळ्या जातींत तर कवचावरची टिंबे आणि चकाकी पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाशिवाय गत्यंतरच नसते. त्या मानाने हट्टोर्फियाना दयाळू आहे: तिची मादी माळावर, न मारता, ओळखता येते.

हे शक्य होते ते तिच्या फुलामुळे. फील्ड स्केबियस, शास्त्रीय नावाने नॉटिया आर्व्हेन्सिस, ही निळसर-जांभळ्या गेंदांची गवताळ माळावरची वनस्पती आहे. हट्टोर्फियानाची मादी पिल्लांसाठीचा पराग प्रामुख्याने याच फुलावरून गोळा करते. चुनखडीच्या काही माळांवर लहान स्केबियसही चालते. फील्ड स्केबियसचा पराग गुलाबी असतो आणि त्याचे कण मोठे असतात. काम करून परतणाऱ्या मादीचे मागचे पाय गुलाबी गुलालाने माखल्यासारखे दिसतात. तिच्या पोटाचा रंग फसवतो. पायावरचा, दुसऱ्याच्या घरचा रंग मात्र बराच भरवशाचा ठरतो. अर्थात मकरंदासाठी ती इतर फुलांवरही जाते आणि दुसऱ्या माश्याही स्केबियसवर येतात, तेव्हा नुसत्या गुलाबी पायावर निकाल देऊन चालत नाही. मोठा बांधा, सोनेरी टोक, गुलाबी पराग आणि जुलै महिना हे चारही जुळले की शंकेला जागा उरत नाही. जातीची अप्रत्यक्ष खूणही कधी सापडते. नोमाडा आर्माटा ही परभृत माशी हट्टोर्फियानाच्याच बिळांत अंडी घालते. ब्रिटनमध्ये ती अतिशय दुर्मिळ असून सॉल्सबरी मैदान हा तिचा बालेकिल्ला आहे. ती दिसली तर यजमानीण जवळपास असणार, हे धरून चालावे.

या जातीचे वर्णन योहान ख्रिश्चन फाब्रिसियस या लिनियसच्या डॅनिश शिष्याने १७७५ साली केले. अँड्रेना हा गणही त्याच वर्षी त्यानेच स्थापला. त्या काळी वर्णन म्हणजे हाताशी असलेल्या मोजक्या वाळलेल्या नमुन्यांचे लॅटिनमधील दोन-चार ओळींचे टिपण असे, आणि त्यात रंगाला पहिला मान असे. एकाच जातीच्या रंगरूपांना वेगवेगळी नावे पडण्याचे प्रकार मधमाश्यांच्या अभ्यासात त्यामुळेच वारंवार घडले. आर. सी. एल. पर्किन्स यांनी १९१९ साली ब्रिटनच्या अँड्रेना आणि नोमाडा जातींचा एकत्र आढावा घेतला तेव्हा यजमान आणि परभृत यांना शेजारी ठेवून पाहण्याची दृष्टी पक्की झाली. स्टीव्हन फॉक यांच्या २०१५ च्या मार्गदर्शक ग्रंथाने, रिचर्ड लेविंग्टन यांच्या चित्रांसह, हे ज्ञान सामान्य निरीक्षकाच्या हाती दिले. भारतीय मधमाश्यांसाठी सी. टी. बिंगहॅम यांचा १८९७ चा ग्रंथ अजूनही उघडावा लागतो. हट्टोर्फियाना भारतात नाही, पण उत्तर भारतात मोहरीच्या शेतांवर येणाऱ्या अँड्रेना आहेत आणि रंगाच्या नोंदींबाबतची सावधगिरी त्यांनाही तंतोतंत लागू पडते.

नोंद विश्वासार्ह व्हायची तर एक सुंदर छायाचित्र पुरत नाही. पाठीवरून, बाजूने, तोंडासमोरून आणि मागच्या पायाचे अशी वेगवेगळी चित्रे, सोबत फुलाचे नाव, तारीख आणि ठिकाण एवढे असावे. पोट काळे होते की तांबडे हेही लिहावे. ओळखीसाठी नव्हे, तर कोणत्या माळावर कोणते रूप किती प्रमाणात आहे हे पुढे कळावे म्हणून.

मादी फुलावर सहज ओळखता येत असल्यामुळे स्वीडनमध्ये या जातीची मोजदाद करता आली. माग्नस लार्सन आणि मार्कुस फ्रान्झेन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार दहा माद्यांची वस्ती टिकण्यासाठी फील्ड स्केबियसची सुमारे १५६ झाडे, म्हणजे सुमारे ७८० गेंद लागतात. त्यातही एक खोच आहे. या वनस्पतीची काही झाडे केवळ स्त्रीलिंगी फुले देतात आणि त्यांत परागच नसतो, त्यामुळे माळ जांभळा दिसला तरी सारे गेंद माशीच्या उपयोगाचे नसतात. ऐन जुलैत गवत कापले गेले, तर त्या वर्षी काळ्या आणि तांबड्या दोन्ही माद्यांना कोठी भरायला पराग मिळत नाही.