प्रतिपिंडांची पारख : मेंदूसंशोधनातील एक दुर्लक्षित खर्च

बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत, म्हणजेच निमहान्समध्ये, १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी कार्यरत आहे. मृत्यूनंतर नातेवाइकांच्या संमतीने दान केलेले मेंदू तेथे जतन केले जातात. काही भाग अतिशीत तापमानात गोठवून, तर काही फॉर्मलिनच्या द्रावणात. अशा मेंदूचा पातळ छेद नुसता सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर कोणत्या पेशीत कोणते प्रथिन आहे, हे कळत नाही. ते कळण्यासाठी प्रतिपिंड लागते. कुपीभर द्रवाच्या रूपाने मिळणारे हे साधन बहुतांशी परदेशी कंपन्यांकडून विकत घेतले जाते आणि त्याच्या दर्जावर संपूर्ण संशोधनाचा निष्कर्ष अवलंबून असतो.

शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला नेमके ओळखून चिकटणारे प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. प्रयोगशाळेत याच गुणधर्माचा उपयोग केला जातो. हव्या त्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड छेदावर टाकतात, त्यावर रंग उत्पन्न करणारे दुसरे प्रतिपिंड चढवितात आणि जेथे रंग उमटेल तेथे ते प्रथिन आहे, असे मानतात. या ‘मानतात’ शब्दातच सर्व अडचण साठलेली आहे.

एक खूण, परस्परविरोधी निष्कर्ष

डबलकॉर्टिन या प्रथिनाचे उदाहरण घेऊ. गर्भावस्थेत मेंदूच्या खोल भागात जन्मलेल्या चेतापेशी बाहेरच्या दिशेने प्रवास करून मेंदूचे बाह्यक घडवितात. या प्रवासात पेशीच्या अंतर्गत सांगाड्याला आधार देण्याचे काम डबलकॉर्टिन करते. त्याचे जनुक १९९८ मध्ये ओळखले गेले. ते एक्स गुणसूत्रावर असल्याने त्यातील दोषाचे परिणाम मुलगे व मुली यांच्यात वेगळे दिसतात. मुलग्यांमध्ये मेंदूचा पृष्ठभाग वळ्यांविना गुळगुळीत राहतो. मुलींमध्ये दोन एक्स गुणसूत्रांपैकी काही पेशींत निर्दोष जनुक कार्यरत असते. त्या पेशी मुक्कामी पोहोचतात, उरलेल्या वाटेतच थांबतात आणि बाह्यकाखाली दुसरा थर तयार होतो. प्रथिनाचे नाव या दुहेरी थरावरून पडले. अशा रुग्णांत अपस्मार व बौद्धिक वाढीतील अडथळा आढळतो.

डबलकॉर्टिन मुख्यतः नवजात, स्थलांतर करणाऱ्या चेतापेशींत आढळत असल्याने ‘येथे नवी चेतापेशी आहे’ अशी खूण म्हणून त्याच्या प्रतिपिंडाचा सर्रास वापर होतो. प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी निर्माण होतात काय, या प्रश्नावर २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी नकारार्थी उत्तर दिले. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने होकारार्थी उत्तर दिले. २०१९ मध्ये माद्रिदच्या गटाने ४३ ते ८७ वर्षे वयाच्या १३ निरोगी व्यक्तींच्या मेंदूंत अशा हजारो पेशी दाखविल्या आणि ऊतक फॉर्मलिनसारख्या द्रावणात दीर्घकाळ राहिले तर डबलकॉर्टिनचा रंग क्षीण होतो, हेही निदर्शनास आणले. हे द्रावण प्रथिनांना परस्परांशी जखडते आणि प्रतिपिंडाने पकडायचा भागच झाकला जातो. जुलै २०२५ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने पेशीकेंद्रकांतील आरएनएचे वाचन करून प्रौढांतही नवनिर्मितीक्षम पेशी असल्याचे दाखविले. येथे प्रतिपिंड खोटे नव्हते. ज्या परिस्थितीत ते वापरले गेले, तिची पारख अपुरी होती. मेंदूपेढीत दाखल होणाऱ्या प्रत्येक नमुन्यासोबत मृत्यूनंतरचा अवधी व द्रावणातील काळ यांची नोंद महत्त्वाची ठरते, ती याचमुळे.

खरेदीदाराला न दिसणारा दर्जा

प्रतिपिंडच सदोष असेल तर? कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाशी संबंधित वायकॅरॉस या उपक्रमाने चेताविज्ञानाशी निगडित ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ प्रतिपिंडांची चाचणी घेतली. चाचणीचे तत्त्व सोपे आहे. ज्या पेशीतून संबंधित जनुक काढून टाकले आहे तिच्यातही प्रतिपिंडाने खूण दाखविली, तर ते भलत्याच प्रथिनाला चिकटत आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे एका किंवा अधिक चाचण्यांत अपयशी ठरली. प्रत्येक प्रथिनामागे सरासरी सुमारे १२ शोधनिबंधांत निकामी प्रतिपिंडावर आधारित माहिती आढळली. त्यानंतर उत्पादकांनी चाचणीत अपेक्षेस न उतरलेल्यांपैकी सुमारे २० टक्के प्रतिपिंडे बाजारातून काढून घेतली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे चित्र परिचयाचे वाटेल. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विश्लेषण केले आणि ज्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला, ते येथे तंतोतंत लागू पडते. दर्जाची माहिती विक्रेत्याकडे अधिक व ग्राहकाकडे कमी असेल, तर ग्राहक चांगल्या मालासाठी जास्त किंमत देण्यास कचरतो आणि चांगला माल मागे पडतो. आपल्या सरकारी खरेदीतील सर्वांत कमी दराच्या निविदेचा नियम अशा बाजारात परिस्थिती आणखी बिघडवितो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कागद किंवा खुर्च्यांसाठी हा नियम ठीक आहे. प्रतिपिंडाच्या बाबतीत वाचलेल्या काही हजार रुपयांपोटी संशोधक विद्यार्थ्याची दोन वर्षे जाऊ शकतात आणि हा खर्च कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने संशोधन संस्थांसाठी निविदेविना खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये केली आणि संस्थाप्रमुखांना जेम या सरकारी ई-बाजारपेठेबाहेर खरेदीची मुभा दिली. हा स्वागतार्ह बदल आहे. मात्र खरेदीचे स्वातंत्र्य मिळाले तरी दर्जाची माहिती आपोआप मिळत नाही.

ती माहिती सार्वजनिक वस्तूच्या स्वरूपाची आहे. एका प्रयोगशाळेने केलेली चाचणी इतर सर्वांना उपयोगी पडते. म्हणून कोणतीही एक प्रयोगशाळा तिच्यावर पुरेसा खर्च करीत नाही. येथे शासनाच्या सहभागाला जागा आहे. बंगळुरूमध्ये निमहान्सची मेंदूपेढी आहे, तसेच जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने २००९ पासून चालणारे, संशोधकांना सामायिक तंत्रसुविधा पुरविणारे सी-कॅम्प हे केंद्रही आहे. प्रचलित प्रतिपिंडे भारतीय नमुन्यांवर, जतनाच्या भिन्न कालावधींत तपासून निष्कर्ष सर्वांसाठी खुले करण्याचे काम या दोहोंच्या सहकार्याने होऊ शकेल.

उत्पादनाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. सशापासून मिळविलेल्या प्रतिपिंडांचा साठा तो प्राणी मेल्यावर संपतो. कोलर व मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधलेल्या संकरित पेशींच्या तंत्राने एकाच प्रकारचे प्रतिपिंड सातत्याने मिळू लागले. (या तंत्राचे एकस्व त्यांच्याकडून घेतले गेले नाही आणि ब्रिटनमध्ये त्यावर पुढे बरीच हळहळ व्यक्त झाली.) जनुकीय क्रमावरून बनविलेली पुनःसंयोजित प्रतिपिंडे त्याहून भरवशाची असून वायकॅरॉसच्या चाचण्यांतही तीच सरस ठरली. क्रम उपलब्ध असल्यास ती कोठेही बनविता येतात. बंगळुरूच्या बायोकॉनने २००६ मध्येच कर्करोगावरील निमोटुझुमॅब हे प्रतिपिंड-औषध बाजारात आणले होते. म्हणजे कौशल्य शहरात आहे. संशोधनासाठीच्या एका कुपीत मात्र साधारणतः १०० मायक्रोग्रॅमच प्रतिपिंड असते आणि एखाद्या प्रयोगशाळेची मागणी अशा मोजक्या कुप्यांची. देशभरातील प्रयोगशाळांची मागणी एकत्र नोंदविली गेली, तरच एखाद्या उत्पादकाला त्यात उतरावेसे वाटेल.