एक मतदार, दोन नोंदी

१ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत निघालेल्या विरोधी पक्षांच्या मोर्चात राज ठाकरे यांनी असा आरोप केला की, भिवंडी, मुरबाड व कल्याण ग्रामीण येथील सुमारे साडेचार हजार मतदारांनी मलबार हिल मतदारसंघातही मतदान केले. आरोप गंभीर खरा. परंतु नाव दोनदा असणे निराळे व मत दोनदा देणे निराळे, हा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. दूरच्या प्रांतांतून आलेला कारागीर आज एका मोहल्ल्यात, तर उद्या दुसऱ्या गावी राहावयास जातो. तेथे नवे नाव नोंदविताना जुने काढावयाचे राहिले, की एका माणसाच्या दोन नोंदी होतात. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची कलमे १७ व १८ अशा दुहेरी नोंदीस मनाई करतात. जाणूनबुजून खोटे निवेदन करणारास कलम ३१ अन्वये एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. दोनदा मत दिल्याचा पुरावा मात्र यादीत नसतो. तो मतदान केंद्रावरील सही-अंगठ्याच्या नोंदवहीत शोधावा लागतो.

तथापि नावे खोडण्याचीही घाई नको. सारख्या नावांची दोन माणसे असू शकतात. म्हणूनच 'येथे राहत नाही' या कारणास्तव नाव वगळण्यापूर्वी मतदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे कलम २२ सांगते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत स्वतःचे नाव न सांगता केवळ 'अमक्याची पत्नी' म्हणविणाऱ्या सुमारे २८ लक्ष स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. खोट्या नावाने एका मताचे मोल घटते. खऱ्या नावावर रेघ ओढली, तर मतदाराचा हक्कच बुडतो.