मोजाजी : तालात विणलेली सेवा

कार्तिक शुद्ध एकादशीस भगवान श्रीविष्णू योगनिद्रेतून जागे होतात, अशी आपली श्रद्धा आहे. त्याच सुमारास थंडीचीही चाहूल लागते. जाग्या झालेल्या देवाला गारठा बाधेल, अशी चिंता भक्ताला वाटावी, यातच सगुणभक्तीचे मर्म आहे. पंढरपुरी थंडीच्या दिवसांत विठुरायाला कानपट्टी बांधतात, अंगावर शाल पांघरतात, ती याच वत्सल भावाने.

राजस्थानातील नाथद्वारा येथे हा भाव देवाच्या पावलांपर्यंत पोहोचला आहे. १६७२ साली श्रीनाथजी तेथे विराजमान झाले. शीतकाली त्यांच्या चरणांत पायमोजे घालतात आणि त्यांना आदराने ‘मोजाजी’ म्हणतात. पुष्टिमार्गात राग, भोग आणि शृंगार ही सेवेची तीन अंगे मानतात. सोळाव्या शतकात श्रीवल्लभाचार्यांचे पुत्र विठ्ठलनाथ यांनी या सेवेला सुव्यवस्थित रूप दिले. आचार्यांना विवाहाची आज्ञा पंढरीच्या विठ्ठलानेच केली, असे संप्रदाय मानतो. पुत्राच्या नावात ते ऋण दिसते. मंगलेपासून शयनापर्यंतच्या आठ दर्शनांत वेळ व ऋतू पाहून कीर्तनाचा राग ठरतो, आणि ऋतू पाहूनच वस्त्रे. सूर आणि वस्त्र तेथे एकाच सेवेत नांदतात.

सूर आणि वस्त्र यांचा हा मेळ आपल्या घरीही साधता येईल, असे आम्हांस वाटते. मोजा गोल विणला जातो. फेरी जेथे सुरू होते तेथेच पुरी होते. तालाचे आवर्तनही असेच समेवर परतते. आपल्या भजनी ठेक्याच्या मात्रा आठ. मध्यम जाडीच्या लोकरीचे अठ्ठेचाळीस टाके तीन सुयांवर सोळा-सोळा घेतले, तर प्रत्येक सुईवर दोन आवर्तने बसतात. चौथ्या सुईने चार टाके सुलट, चार उलट असे विणत जावे. आवडता अभंग गुणगुणावा. मोजण्याचे काम ठेकाच करतो.

हवेलीच्या कीर्तनांत, विशेषतः होळीच्या दिवसांत, धमार गातात. त्याच्या मात्रा चौदा. विभाग पाच, दोन, तीन व चार यांचे. छप्पन्न टाके चार सुयांवर चौदा-चौदा वाटून पाचवीने विणावे : पाच सुलट, दोन उलट, तीन सुलट, चार उलट. पट्ट्यांच्या कमी-अधिक रुंदीत धमारची चाल डोळ्यांना दिसू लागते. टाच आली की मात्र निम्मेच टाके घेऊन मागे-पुढे विणावे लागते. तेथे ठेका थांबवून लक्ष हातांकडे द्यावे. तळव्याला उलट टाके रुतू नयेत म्हणून तो भाग सगळा सुलट ठेवावा.

आता प्रश्न असा, की हे मोजे घालायचे कोणाला? देव्हाऱ्यातील बाळकृष्ण बहुधा रांगता. एक गुडघा टेकलेला, हाती लोण्याचा गोळा. त्या इवल्या पावलांना मोजा बसणे कठीणच. त्याला लोकरीची टोपी आणि शाल पुरे. पण त्याच घरात काकड्याच्या वेळी गार फरशीवर उभे राहणारे वृद्ध पाय असतात. भेगा पडलेल्या त्या टाचांकडे सणाच्या गडबडीत कोणाचे लक्ष जात नाही. आजींना विचारावे, ‘आपल्याला कोणता अभंग आवडतो?’ ज्या चालीत त्या तो म्हणतात, तिच्या ठेक्यावर मोजे विणावेत आणि देवापुढे ठेवून मग त्यांच्या पायांत घालावेत. मात्र लोकर गुळगुळीत फरशीवर निसरडी होते. म्हणून ते बसताना-निजताना वापरावेत, चालताना काढावेत.

मूर्तीच्या पायांना थंडी वाजते, असे मानणारे मन घरातील माणसांच्या गारठलेल्या पायांकडे पाहीनासे झाले, तर त्या सेवेत उणेपण राहील. यंदाच्या प्रबोधिनीस देवाची शाल घडी मोडून काढाल, तेव्हा लोकरीचा एक गुंडाही जवळ घ्यावा, एवढीच आमची विनंती.