सिलिंडर किती वेळ पुरेल? श्वसनसेवेतल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण सत्र कसं घ्यावं

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. रुग्णालयात ऑक्सिजन हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचं सत्र कसं घ्यायचं, याबद्दल आम्ही बोलणार आहोत. पण 2021 चा उन्हाळा आठवून बघा. घरातल्या नाहीतर ओळखीतल्या कुणासाठी तरी ऑक्सिजनची धावपळ केली नाही, असं घर तेव्हा सापडणं कठीण होतं. सिलिंडर मिळाला की आपल्याला हायसं वाटायचं. खरं काम मात्र त्यानंतर सुरू होतं. तो सिलिंडर कुणीतरी जोडायचा, मास्क नीट बसवायचा, काटा बघत राहायचं आणि तो संपायच्या आत दुसरा लावायचा. हे काम करणाऱ्या हातांना शिकवायचं कसं, हा आजचा प्रश्न.

सुरुवात आमच्या फसलेल्या सत्रापासून करतो.

एका तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयात आम्ही दोन तासांचं सत्र घेतलं होतं. सत्तरएक स्लाइड होत्या. फुप्फुसाची रचना, ऑक्सिजनचे सगळे मास्क, व्हेंटिलेटरचे मोड, रक्तातल्या वायूंची तपासणी, सगळं त्यात कोंबलं होतं. शेवटी वीस गुणांची परीक्षा घेतली, प्रमाणपत्रं दिली. अभिप्रायाच्या फॉर्मवर जवळपास सगळ्यांनी ‘उत्तम’ लिहिलं होतं. आम्ही खूश.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या कामासाठी रात्री त्याच रुग्णालयात जाणं झालं. वॉर्डात एका आजोबांना पिशवीचा मास्क लावलेला होता, म्हणजे नॉन-रिब्रीदर मास्क. त्याची पिशवी चपटी पडलेली. प्रवाह मिनिटाला 4 लिटर, बोटाच्या यंत्रावर 86 टक्के. ड्यूटीवरच्या सिस्टर आमच्याच सत्राला होत्या, आणि त्यांना वीसपैकी अठरा गुण मिळाले होते.

आम्ही विचारलं, “सिस्टर, या मास्कला प्रवाह किती लागतो?”

त्या लगेच म्हणाल्या, “दहा ते पंधरा लिटर, सर. पिशवी फुगलेली राहिली पाहिजे.”

उत्तर अचूक होतं. मग चारच का ठेवला? त्यांनी सिलिंडरच्या काट्याकडे बोट दाखवलं. सिलिंडर संपत आला होता. भरलेला सिलिंडर भिंतीशी उभा होता, पण तो उघडायची चावी स्टोअरमध्ये, स्टोअरला कुलूप, आणि कुलपाची किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडे. मामांना त्यांनी किल्ली आणायला पिटाळलं होतं. तोवर पुरावा म्हणून प्रवाह कमी केला होता.

बघा, त्या सिस्टरना माहिती कमी नव्हती. त्या रात्री त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या: हाताशी असलेली चावी, आणि प्रवाह कमी करायचीच वेळ आली तर पिशवीचा मास्क काढून साधी नाकातली नळी लावायची ही युक्ती. नाकातल्या नळीतून 4 लिटर व्यवस्थित जातात. पिशवीच्या मास्कमधून तेवढेच सोडले तर पिशवी भरत नाही आणि माणूस स्वतःचीच सोडलेली हवा परत ओढतो. आमच्या सत्तर स्लाइडमध्ये या दोन्हीतलं काहीच नव्हतं. थोड्या वेळाने किल्ली आली, सिलिंडर बदलला, प्रवाह 12 वर नेला, पिशवी फुगली आणि आजोबांचा आकडा वर आला. आमची मान मात्र खाली गेली.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. सत्राची सुरुवात वॉर्डात व्हायची आणि शेवटही वॉर्डातच व्हायचा. हॉलमधला तास हा मधला भाग.

आधी बघायचं, मग ठरवायचं

सत्राआधी आमच्यापैकी दोघं जण एक दिवस आणि एक रात्र वॉर्डात नुसते बसतात. रात्र टाळून चालत नाही, कारण रात्री माणसं कमी आणि कुलपं जास्त. काय चुकतं याची आम्ही यादी करतो, आणि प्रत्येक चुकीपुढे एक प्रश्न लिहितो: हे माहीत नाही म्हणून चुकतंय, हाताला सवय नाही म्हणून, की वस्तू जागेवर नाही म्हणून? पहिल्यासाठी समजावून सांगावं लागतं, दुसऱ्यासाठी सराव करून घ्यावा लागतो. तिसऱ्यासाठी प्रशिक्षण काही कामाचं नाही. त्यासाठी अधीक्षकांच्या खोलीत जाऊन बसावं लागतं.

दुसरा प्रश्न, बोलवायचं कुणाला? मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत रेस्पिरेटरी थेरपिस्ट असतात. तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा ते काम सिस्टर आणि ब्रदरच करतात. सिलिंडर ओढून आणणारे, बदलणारे असतात वॉर्डातले मामा आणि मावशी. रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी नेताना सोबत असतो रुग्णवाहिकेचा चालक. ही सगळी श्वसनसेवाच आहे. म्हणून आमच्या सत्राला मामा, मावशी आणि चालकही बसतात, मागच्या रांगेत नाही, त्याच टेबलाभोवती.

आणि वेळ? रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी दहाला खुर्चीवर बसवलं तर तो झोपणारच, त्यात त्याचा दोष नाही. आम्ही दुपारी पाळी बदलते त्या सुमाराला, तेच सत्र दोन दिवस घेतो. चहा आधी, सत्र नंतर.

एका तासात एकच गोष्ट

महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी 5 वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. परिचारिकांनाही निरंतर शिक्षणाचे तास भरावे लागतात. नियम चांगलाच आहे. पण त्यामुळे सत्रं तास भरण्यासाठी होऊ लागतात, आणि तास भरायचे म्हटलं की विषय वाढतच जातात. आम्ही उलट करतो. एका सत्रात एकच काम. मोड, रक्तवायू, हाय-फ्लो सगळं वगळलं. शिकवणाऱ्याला हे फार जड जातं बरं का, आपल्याला येतं ते सगळं सांगावंसं वाटतं.

उदाहरण म्हणून ‘सिलिंडर किती वेळ पुरेल’ हे सत्र बघू.

टेबलाजवळ खरा बी-टाइप सिलिंडर उभा करतो. त्याची पाण्याने मोजलेली क्षमता साधारण 10 लिटर. भरलेला असला की काटा 150 च्या आसपास असतो. क्षमता गुणिले काटा, म्हणजे दहा गुणिले दीडशे, सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन. त्याला मिनिटाच्या प्रवाहाने भागलं की मिनिटं मिळतात. मिनिटाला 10 लिटर चालू असेल तर 150 मिनिटं. काटा 50 वर आला असेल तर उरले 500 लिटर, म्हणजे 50 मिनिटं. आणि हाय-फ्लो यंत्रावर मिनिटाला 60 लिटर शुद्ध ऑक्सिजन ओढला, तर तोच भरलेला सिलिंडर 25 मिनिटांत रिकामा. हा आकडा ऐकला की खोली शांत होते.

हे सगळं दहा मिनिटांत सांगून होतं. मग कोडं घालतो. रुग्णाला 10 लिटर चालू आहे, काटा 100 वर आहे, जिल्हा रुग्णालय दीड तासावर. निघायचं का?

बहुतेक जण हिशेब करतात: 1000 लिटर, म्हणजे 100 मिनिटं, रस्ता 90 मिनिटांचा, निघू. तेवढ्यात एखादे चालकदादा म्हणतात, “अहो सिस्टर, पेशंट गाडीत चढवायलाच दहा मिनिटं जातात. घाटात ट्रक आडवा झाला की अर्धा तास. आणि तिथं पोचल्यावर स्ट्रेचर मिळेपर्यंत?” संपलं. सगळ्यांना कळतं की शंभर मिनिटं पुरणार नाहीत, दुसरा सिलिंडर गाडीत हवा, आणि त्याची चावीही. हे आम्ही सांगितलं असतं तर वहीत राहिलं असतं. चालकदादांनी सांगितलं म्हणून लक्षात राहतं, आणि पुढच्या वेळी निघताना सिस्टर त्यांनाही विचारतात.

उरलेला वेळ हातांचा. आठ-दहा जणांचा एक गट, प्रत्येकाने स्वतः करून दाखवायचं: सिलिंडर हळू उघडायचा, काटा वाचून मिनिटं मोठ्याने सांगायची, प्रवाह लावायचा, पिशवी पूर्ण फुगल्यावरच मास्क चेहऱ्यावर ठेवायचा, बोटावरचा आकडा आणि वेळ कागदावर लिहायची. व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीसचा हात लावायचा नाही, ऑक्सिजनशी गाठ पडली की ते पेट घेऊ शकतं, हेही तिथंच. लेखी परीक्षा आम्ही बंद केली. हे पाच टप्पे न अडखळता केले की झाला पास.

हातांनी शिकलेलं टिकतं

या पद्धतीत नवीन काही नाही. 1952 साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली होती. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात येत होते, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत अशा 31 पैकी 27 जण दगावले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी ऑगस्टमध्ये 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात छेद करवून नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. पण इतक्या रुग्णांना पुरतील एवढी यंत्रं नव्हती. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावलं. सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, कित्येक आठवडे, रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण खूप खाली आलं. अतिदक्षता विभागांची सुरुवात इथूनच झाली असं मानतात.

त्या मुलांना श्वसनशास्त्र सगळं येत नव्हतं. एक काम येत होतं, ते रुग्णाच्या शेजारी बसूनच शिकले होते, आणि अडलं तर विचारायला जाणकार माणूस तिथंच होता. आजही एवढंच जमवता आलं तरी पुष्कळ.

चूक बोलता आली पाहिजे

सत्रात डॉक्टर बसलेले असले की नवी सिस्टर तोंड उघडत नाही, आणि मावशी तर नाहीच नाही. म्हणून आम्ही सुरुवातीला आमचीच गोष्ट सांगतो, त्या चपट्या पिशवीची. नावं घ्यायची नाहीत, ‘तुम्हाला एवढंही येत नाही का’ हे वाक्य खोलीत उच्चारायचं नाही, हे ज्येष्ठ डॉक्टरांना आधीच भेटून सांगतो. सरावात काही चुकलं की तीनच प्रश्न विचारतो: काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करू? कुणामुळे झालं हा प्रश्न यादीत नाही.

शेवटची दहा मिनिटं एका प्रसंगासाठी ठेवतो: आत्ता, या क्षणी पाइपमधला ऑक्सिजन बंद पडला. पहिल्या पाच मिनिटांत कोण काय करेल? 21 एप्रिल 2021 ला नाशिकमध्ये एका रुग्णालयाच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. तसा प्रसंग निव्वळ प्रशिक्षणाने टळेल असा दावा आम्ही करत नाही. पण राखीव सिलिंडर कुठे आहेत, पहिला कुठल्या खाटेला जाईल, अंबू बॅग कुणाच्या हाताशी आहे, हे तेव्हाच ठरवायला बसलं तर उशीर झालेला असतो.

महिन्यानंतर

प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी सांगितल्या आहेत: सत्र आवडलं का, शिकले का, कामात बदल झाला का, आणि रुग्णाला फायदा झाला का. आमचं पहिलं सत्र दुसऱ्या पायरीवर छान चढलं आणि तिसरीवरून घसरलं. म्हणून आता आठवड्याने आणि महिन्याने आम्ही परत वॉर्डात जातो, न सांगता. किती पिशव्या फुगलेल्या आहेत, किती कागदांवर काटा आणि वेळ लिहिली आहे, एवढंच मोजतो. मधल्या काळात पाळी बदलताना इन्चार्ज सिस्टर दोन मिनिटं एकच प्रश्न विचारतात: “या सिलिंडरची किती मिनिटं उरली?” शिकलेलं विसरतंच, ते अधूनमधून परत काढावं लागतं.

त्या तालुक्याच्या रुग्णालयातही आम्ही पुन्हा गेलो. या वेळी स्लाइड नव्हत्या. सत्रानंतर आधी अधीक्षकांना भेटलो. आता प्रत्येक सिलिंडरच्या ट्रॉलीला साखळीने चावी बांधलेली आहे. खर्च किरकोळ. ही कल्पना एका मावशींची. त्यांना आजवर कुठल्या सत्राला बोलावलंच नव्हतं, त्यामुळे कुणी विचारलंही नव्हतं.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी असं सत्र घेणार असेल, तर स्लाइड बनवायला बसण्याआधी एक रात्र वॉर्डात काढा. तुमचा विषय तिथंच सापडेल.

आता प्रश्न घेऊ.