मोठे ताम्रपंखी फुलपाखरू

चिंच लावून घासलेले तांब्याचे घंगाळ उन्हात ठेवले म्हणजे त्यावर जी झळाळी येते, तीच झळाळी इंग्लंडच्या पूर्व भागातील दलदलीत एके काळी जुलै महिन्यात उडताना दिसे. ते मोठे ताम्रपंखी फुलपाखरू होय. शास्त्रज्ञ त्यास लायसेना डिस्पार म्हणतात. 'मोठे' हे विशेषण त्याच्या भाऊबंदांच्या मानाने घ्यावयाचे, कारण पंख पसरूनही ते चार सेंटिमीटरच्या आसपासच भरते. नराचे पंख वरून झगझगीत तांबूस असतात; मादीच्या पंखांवर काळे ठिपके असतात.

श्रोतेहो, त्या दलदलीत या फुलपाखराची सारी भिस्त एका वनस्पतीवर असे. ती आपल्या आंबटचुक्याची जातभाई, पण पाण्याच्या काठी पुरुषभर वाढणारी. मादी तिच्या पानांवर अंडी घालते. लहान सुरवंट पानाचा गर खालच्या बाजूने खातो आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवतो. पानाला जणू अभ्रकाच्या खिडक्या पडतात. थंडी आली की तो बुंध्याशी वाळलेल्या पानांत निजतो. हिवाळी पुराने ते रान कित्येक आठवडे बुडाले, तरी तो तग धरू शकतो. वसंत ऋतूत तो पुन्हा खाऊ लागतो, मग कोश करतो व उन्हाळ्यात पंख घेऊन बाहेर पडतो.

असा हा चिवट जीव. पण पाणीच नाहीसे झाल्यावर त्याचा इलाज चालला नाही. शेतीसाठी केंब्रिजशायर व हंटिंगडनशायरमधील दलदली उपसल्या गेल्या. व्हिटलसी मिअर हे विस्तीर्ण सरोवर १८५१ मध्ये वाफेच्या पंपाने कोरडे करण्यात आले. संग्राहकांच्या हौसेनेही हातभार लावला. गावकरी सुरवंट गोळा करून त्यांना विकीत. त्याच सुमारास हे फुलपाखरू इंग्लंडमधून नामशेष झाले.

पुढे १९१५ मध्ये हॉलंडच्या फ्रीसलंड प्रांतात त्याची जवळची उपजात सापडली. ती १९२७ मध्ये हंटिंगडनशायरमधील वुडवॉल्टन येथे सोडण्यात आली. जाळ्या बांधून सुरवंट राखावे लागत. तरीही १९६८ च्या उन्हाळी पुरात ती वसाहत बुडाली. हिवाळ्यातील पूर निजलेल्या सुरवंटास सोसतो, भर उन्हाळ्यातला फुलपाखरांना व अंड्यांना सोसत नाही! पाळलेल्या फुलपाखरांतून १९७० मध्ये ती पुन्हा वसविली गेली, पण १९९० च्या दशकात तीही संपली. चहूकडे शेते आणि मध्ये दलदलीचा एक तुकडा. एवढ्यावर ती टिकणार कशी?

हॉलंडमध्ये मात्र वेअरिबेनच्या पाणथळीत ती उपजात अजून आहे. तेथे लव्हाळी कापली जातात, त्यामुळे रान मोकळे राहते. पूर्व युरोपातील तिची भावंडे याहून सुखी दिसतात. ती खंदकाकाठच्या साध्या चुक्यावरही वाढतात, कित्येक ठिकाणी वर्षातून दोन पिढ्या काढतात, आणि एस्टोनियासारख्या देशात त्यांचे क्षेत्र विस्तारलेले आहे.