सोशिक अवयवाची हद्द

छोट्याशा खळग्यात रुग्णाचा रक्तद्रव आणि दात्याच्या पांढऱ्या पेशी एकत्र करायच्या, सशाच्या रक्तातली पूरक प्रथिनं घालायची, थांबायचं आणि रंग सोडायचा. जिवंत पेशी रंग आत येऊ देत नाहीत, मेलेल्या तो पिऊन घेतात. पुष्कळ पेशी रंगल्या, तर रुग्णाच्या अंगात त्या दात्याविरुद्धच्या अँटिबॉडीज आधीपासून आहेत असं समजायचं. ही क्रॉसमॅच. पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ मध्ये रोपलेल्या मूत्रपिंडांचा हिशेब मांडला. चाचणी विरुद्ध गेलेल्या ३० पैकी २४ मूत्रपिंडं लगेच निकामी झाली, न गेलेल्या १९५ पैकी फक्त ८. तेव्हापासून मूत्रपिंडवाले या चाचणीशिवाय सहसा पुढे जात नाहीत.

यकृतवाले मात्र निर्धास्त. त्यालाही आधार होता. त्याच वर्षी केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी दाखवलं, की डुकरात रोपलेलं यकृत अनेकदा औषधांविनाच टिकतं. सव्वा-दीड किलोचा हा अवयव अँटिबॉडीज टिपून घेतो, शिवाय स्वतःचे विरघळलेले प्रतिजन, म्हणजे ओळखीच्या खुणा, रक्तात सोडून त्यांना वाटेतच गुंतवतो.

पण हे अख्ख्या यकृताचं झालं. १९८९ मध्ये ब्रिस्बेनला रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईच्या यकृताचा तुकडा तिच्या मुलाला यशस्वीपणे लावला. पुढे जपान, कोरिया आणि भारतात जिवंत दाताच मुख्य आधार ठरला. तुकडा लहान, तेव्हा त्याची टिपून घेण्याची ताकदही बेताचीच. रुग्णाच्या वजनाच्या ०.८ टक्क्यांहून तो हलका नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे.

आणि दाता बहुधा घरातलाच. खरी गोम इथे आहे. गर्भाचा निम्मा वाटा बापाचा. त्या परक्या खुणा आईचं शरीर ओळखून ठेवतं, कधीकधी अँटिबॉडीजही बनवतं. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच बाईचं यकृत निकामी होतं, मुलगा पुढे येतो, रक्तगट जुळतो, आणि क्रॉसमॅच विरुद्ध! पोटच्या पोराविरुद्ध आईचं रक्त, हा दृष्टान्त कुठल्या कीर्तनकारालाही सुचला नसता. नवरा दाता असला तरी तीच गत.

बहुतेकदा यकृत हेही पचवतं. थोड्याफार अँटिबॉडीज रोपणानंतर नाहीशा होतात. पेशींवरच्या खुणांपैकी दुसऱ्या वर्गातल्यांविरुद्धच्या (एचएलए क्लास २) आणि भरपूर असल्या, तर मात्र त्या ठाण मांडतात. क्योटोत लहानपणी आईबापांचं यकृत मिळालेल्या मुलांच्या बायोप्सी वर्षांनंतर तपासल्या, तेव्हा अशा अँटिबॉडीज असलेल्यांच्या यकृतात तंतुमयता अधिक आढळली. म्हणून ‘यकृताला क्रॉसमॅच लागत नाही’ हे विधान मला अर्धवट वाटतं. रक्तगटाचा अडथळा तर जपान्यांनी रिटक्सिमॅब या औषधाच्या जोरावर बराच ओलांडला, पित्तनलिका आक्रसण्याची धास्ती तेवढी उरली.

तेव्हा घरातल्या बाईच्या रोपणाचं चाललं असेल, तर तिची सगळी बाळंतपणं, गर्भपात आणि कधीकाळी चढवलेलं रक्त डॉक्टरांना आवर्जून सांगा. दाता नवरा किंवा मूल असेल, तर क्रॉसमॅच केली का, हेही विचारा.