एका वितीचे अंतर

गावच्या जत्रेत पोरांच्या पळण्याच्या शर्यती होतात. पंच दोरी धरून उभे राहतात. कधी दोघे बरोबरच दोरीला लागतात. मग पहिला कोण, यावरून तंटा होतो. जगाच्या शर्यतीत हा तंटा कसा मिटवतात, ते आता पाहू.

स्वीडन हा युरोपच्या उत्तरेकडचा थंड देश. तिथे १९५६ साली लिंडा हागलुंड ही मुलगी जन्मली. थोड्या अंतराच्या शर्यतीत ती वाऱ्यासारखी पळे. १९७८ साली प्राग शहरात सगळ्या युरोपच्या शर्यती झाल्या. तिथे १०० मीटर, म्हणजे ३२८ फूट पळून तिने चांदीचे पदक मिळवले.

पुढे १९८० साली मॉस्कोला ऑलिंपिक सामने भरले. सगळ्या जगातले खेळाडू तिथे येतात. पहिल्या तिघांनाच पदक. लिंडाला ११.१६ सेकंद लागले. तिसऱ्या बाईला लागले ११.१४. लिंडा चौथी आली. पदक हुकले!

एका सेकंदाचे शंभर भाग करा. त्यातले दोन भाग ती मागे राहिली. एवढ्यात डोळ्याचे पातेही लवत नाही. अंतर म्हणाल, तर जेमतेम एक वीत.

मग हे कळले कसे? पिस्तुलाचा बार होताच घड्याळ आपोआप सुरू होते. शेवटच्या रेषेवर कॅमेरा रोखलेला असतो. कुणाची छाती रेषेवर केव्हा आली, ते फोटोत दिसते. हात किंवा डोके आधी पोचले, तर ते धरत नाहीत. पंचांचा डोळा चुकेल, पण हा फोटो चुकत नाही. तंटा मिटला.

पण खेळात दुसरीही एक परीक्षा असते. खेळाडूची लघवी तपासतात. अंगात खोटी ताकद आणणारी काही औषधे आहेत. ती घ्यायला बंदी आहे. १९८१ साली लिंडाच्या तपासणीत असे औषध सापडले. तिला १८ महिने शर्यतीत पळायला मनाई झाली. २०१५ साली ती वारली. तिच्या पळण्याची गोष्ट निघाली, की या औषधाचीही गोष्ट निघते.

अशी औषधे काळीज आणि यकृतही बिघडवतात. म्हणून मंडळी, आपली पोरे तालमीत जात असतील, तर एवढे सांगा. कुणी ताकदीची गोळी दिली, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. वीतभर मागे राहिलेला गडी पुढच्या साली पुढे येईल. गेलेले नाव मात्र लवकर परत येत नाही.